रुपालीचं मीटर आणि आमची शेगडी

सौ. सुकरीबाईस,

धाकट्या प्रेमिलाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला कमी झाला का, की अजून बिडीलाच औषध म्हणतात? शेळी व्याली का, तेही कळव. आम्ही इथे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

खुशाल कशाची! धानोऱ्यापलीकडच्या तुझ्या गावात टॉवर नाही, याचं यंदा पहिल्यांदा बरं वाटलं. फोनवर बोलले असते तर शालिकरामने सगळं ऐकलं असतं. (नवऱ्याचं नाव असं उघड लिहिलं म्हणून रागावू नकोस. सध्या त्याला ‘हे’ म्हणण्याइतकी माझी मर्जी नाही.)

तर झालं असं, की आमच्या गावात वीज कंपनीची एक मुलगी आली आहे. रुपाली, चिमूरची. रामाजींकडे भाड्याने राहते, खांबावर सरसर चढते आणि कमरेला एक मीटर लटकवते. त्या मीटरचा चिमटा तारेला लावला की आतून किती करंट वाहतो तो आकडा दिसतो. शालिकराम मच्छीमार सोसायटीचा सचिव. सोसायटीची मासोळ्या ठेवायची बर्फपेटी बिघडली तेव्हा त्याने तिला पहिल्यांदा बोलावलं, आणि तेव्हापासून घरात दुसरं नावच नाही. पंखा हळू फिरला तर रुपाली. इस्त्री तापली नाही तर रुपाली. परवा भाजीत मीठ कमी पडलं तेव्हा मला वाटलं, आता तिथेही तिलाच बोलावतो की काय. बाई, अख्ख्या तलावावर माझ्यासारखी जाळ्याची गाठ कोणी मारत नाही. लग्न झाल्यापासून मी याची जाळी विणते आहे, त्याला कधी ‘वा’ म्हणाला नाही. आणि तिने व्हरांड्यात एक बल्ब लावला, तर जेवून हात धुवेपर्यंत तेच कौतुक, “काय पोरगी हाय वो! डोकं पाह्य कसं चालते तिचं!” मी जळते, बाई. उगीच दुसरा शब्द कशाला शोधू?

मग मीही ठरवलं. शेजारच्या पुनमकडून दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणलं आणि धान निवडता निवडता विजेचा धडा वाचला. अवघड काही नाही. व्होल्टला करंटने गुणलं की वॅट येतात, आणि व्होल्टला करंटने भागलं की तारेचा अडथळा, म्हणजे ओहम. माझ्या डोक्यात ते इतकं बसलं, की घरात प्लग असलेलं काहीही दिसलं की मी गुणायला लागे. (मिक्सर सुरू करून दिवसभर आकडेमोड करत बसले म्हणून शालिकराम चिडला. तिने केलं असतं तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं असतं.)

अशात तलावाच्या ठेक्याची सभा समाजमंदिरात ठरली. चहा आमच्या महिला गटाकडे. बाकीच्या बाया चूल मांडत होत्या, त्यांना मी थांबवलं आणि गटाची नवी कॉइलची शेगडी काढली. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “दोन हजार वॅटची हाय. दोनशे तीस व्होल्टनं भागा, पावणेनऊ अँपिअर करंट. सभा सुरू व्हाच्या आंधी चहा उकळते.” शालिकरामने माझ्याकडे वळून पाहिलं. खरं सांगते, त्या एका पाहण्यासाठीच मी तो धडा पाठ केला होता.

सभा सुरू झाली, भांडणंही सुरू झाली, पण चहाला बुडबुडा येईना. शालिकरामने अर्थातच तिला बोलावलं. तिने चिमटा लावला, मीटरच्या दोन सुया बोर्डात घातल्या आणि म्हणाली, “वयनी, करंट सहाच हाय. अन् व्होल्ट एकशे साठ. उन्हाळी धानाचे पंप चालू हायेत ना सारे. एकशे साठले सहानं भागलं का साडेसव्वीस ओहमच्या वर भेटते, म्हंजे कॉइल चांगलं हाय. पण गुणलं का वॅट नऊशे साठच. तुमची शेगडी अर्धीच तापून राह्यली.” मी म्हटलं, “पुस्तकात दोनशे तीस लिवलं हाय. तुह्यं मीटर खराब असंल.” ती नुसती हसली, आणि खांबावरच्या कामासाठी हाक आली म्हणून निघून गेली.

मग मी काय केलं? एक चूल कमी पडली तर आपण दुसरी मांडतो. तशी रामाजींची शेगडी आणून त्याच बोर्डावर लावली. फ्यूज उडाला. आत पाहिलं तर तार मऊ, राखाडी. जाळं बुडावं म्हणून आपण शिसं लावतो अगदी तसं. बाहेर शालिकरामचं जाळं वाळत होतं. त्याचं एक शिसं काढलं, दगडाने ठोकून पट्टी केली आणि फ्यूजमध्ये बसवली. काय सांगू, दोन्ही शेगड्या लाल झाल्या! मला वाटलं, आता ये म्हणावं तिला.

ती आली, पण बोर्डातून धूर निघाला म्हणून. बटणं वितळून खाली आली, पंखे थांबले, सभासद तलावाकडे पळाले. तिने मेन बंद केला, फ्यूज काढला, शिसं पाहिलं. हळूच मला म्हणाली, “फ्यूज हा जळाच्यासाठीच रायते, वयनी. थो नाई जळला तं बोर्ड जळते.” आणि सगळ्यांना सांगितलं, की बोर्डच जुना होता. म्हणजे मला वाचवलं, बाई! याहून मोठा अपमान कोणता? वर शालिकराम घरी येऊन म्हणतो, “मन पाह्य कसं मोठं हाय पोरीचं!” (जाळ्यातलं शिसं त्याने ओळखलं होतं.)

असो. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
प्रेमिला

ता.क. : खरं पत्र यासाठी. तुझा दीर निकेश अजून बिनलग्नाचाच ना? रुपाली फार गुणी आहे हो. स्वभाव शांत, नोकरी पक्की, हिशोबाला तयार, आणि बोलणं तर किती गोड. बदली मागून तिकडे येऊ शकेल. तुमच्याकडून आमच्याकडे उठसूट येता येत नाही, ही तर फारच चांगली गोष्ट. लवकर कळव.

ता.क. दुसरं : स्थळाचं शालिकरामला सांगितलं. त्याला इतकं पसंत पडलं, की मुलगी दाखवायला तो स्वतः तिला मोटरसायकलवर तुझ्याकडे घेऊन येतो म्हणतो. रविवारी पोचू. तिघांचा स्वयंपाक कर. गाडीवर मधे मी बसणार आहे.