आधी वास घे

अप्पा, ते नावेचं इंजिन काल सुरू झालं. तुम्ही समुद्र काही बघितला नाही. मंठाळच्या तळ्यापलीकडं तुमचं पाणीच नव्हतं. मी इथं शारजाला खाडीच्या काठावर नावा दुरुस्त करतो. ही नाव एका म्हाताऱ्या अरबाची, माझ्यापेक्षा वयानं मोठी. इंजिन तिच्या पोटात, लाकडी झाकणाखाली, पेट्रोलवर चालणारं. कार्बोरेटर गळून गळून खलास झालेला आणि ठिणगीचे पॉइंट जळून काळे पडलेले. आमचा फोरमन केरळचा, त्याला सगळे चेट्टा म्हणतात. तो म्हणाला, "दोन्ही बदल. तू पंपवाला है ना?"

पंपवाला तर हायच मी. सातवीतनं शाळा सुटल्यावर तुमच्याबरोबर आळंदच्या शिवारातली किती इंजिनं उघडली. पेट्रोलवर सुरू करायचं, मग रॉकेलवर टाकायचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की लोक इंजिनच विहिरीत उतरवायचे, मधल्या कपारीवर ठेवायचे. तुम्ही उतरायच्या आधी लिंबाचा डहाळा दोरीला बांधून विहिरीत खाली-वर, खाली-वर करत बसायचा, कोंडलेली हवा हलावी म्हणून. मला त्याचा भारी कंटाळा. एकदा डहाळा बाजूला टाकून मी तसाच उतरलो, हँडलला हात घातला, तर वरनं तुमचा आवाज: "ए, नाक घरी ठिवून आलास का? आधी वास घे! पेट्रोलचा वाफारा वर जात न्हाई, बुडाला बसतोय!" विहिरीचा मालक हसायला लागला, "अप्पा, पोरगं लई घाईचं हाय तुमचं." तुम्ही म्हणालात, "घाईचं न्हाई, पायाला भिंगरी हाय त्याच्या. इंजिन गरम व्हायच्या आत ह्यो दुसऱ्या गावाला निघालाय."

निघालोच की. हैदराबाद झालं, पुणं झालं, मग हे वाळवंट. कुठंच वर्षभर टिकलो नाही. तुम्ही गेलात तेव्हाही मी रस्त्यातच होतो, घरी पोचलो तर तुम्हाला नेऊन झालेलं, अंगणात फक्त भेटायला आलेल्यांच्या चपला होत्या.

तर या नावेला मी भंगार बाजारातनं जीपचा कार्बोरेटर आणला. चारी बोल्ट असे बसले की जणू तिच्यासाठीच केलेला. पॉइंट काढून नवं इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं, प्लगच्या वायरी क्रमानं लावल्या, हातपंपानं पेट्रोल भरलं, झाकण टाकलं. म्हातारा खुशीत येऊन त्या झाकणावरच बसला. चेट्टा वरनं ओरडतोय, "मार चाबी!" मी चावी घालतो, आणि हात तिथंच थांबतो. वास. अगदी बारीक, तुमच्या सदऱ्याला यायचा तेवढाच.

तेव्हा कळलं मी काय करून बसलो ते. जीपमध्ये जादा पेट्रोल बाहेर गळलं तरी वारा घेऊन जातो. नावेला खालनं भोक नसतंय. नाव म्हणजे विहीरच, अप्पा, पाण्यावर तरंगणारी. पाण्याच्या माणसानं ही चूक केली नसती, पंपवाल्यानंच करावी. एक ठिणगी, आणि झाकणावरचा म्हातारा, चेट्टा, मी, काही उरलं नसतं.

मी चावी काढली, म्हाताऱ्याचा हात धरला. "बाबा, उतरो. सब उतरो."

चेट्टा म्हणाला, "क्या हुआ, पंपवाला डर गया?"

माझ्या तोंडातनं आपल्याच बोलीत निघालं, "व्हय."

ठिणगी पडू नये म्हणून एकाही बटणाला हात लावला नाही. झाकण उघडलं, तळाचं पेट्रोल चिंध्यांनी टिपून घेतलं. लिंब इथं कुठनं आणू? खोलीवर पळत गेलो, बॅगेतनं तुमचा टावेल काढला, दोरीला बांधला आणि नावेच्या पोटात खाली-वर, खाली-वर करत बसलो. चेट्टा काठावरनं म्हणतो, "मंतर मारता है क्या?" म्हातारा मात्र हसला नाही. वास पुरता जाईपर्यंत उन्हात उभा होता.

मग नावेसाठीच बनवलेला कार्बोरेटर मागवला. तो जादा पेट्रोल आपल्याच घशात गिळतो, बाहेर टाकत नाही. काल तो बसवला. नाक खुपसून खुपसून वास घेतला, मग चावी फिरवली. एका झटक्यात सुरू. चेट्टा चहाला बोलवत होता, मी गेलो नाही. झाकणावर हात ठेवून बसलो, तुम्ही बसायचा तसा. लाकूड हळूहळू हाताला गरम लागायला लागलं.

हे पत्र पाठवायचं कुठं? घरी पाठवलं तर अम्मा कुणाकडनं तरी वाचून घेईल आणि रडत बसेल. म्हणून हितंच ठेवतो. एक मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी बॅग भरलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मस्कतच्या गाडीनं जाणार होतो, म्हणूनच जीपचा कार्बोरेटर, म्हणूनच ती घाई. गेलो नाही. पण बॅग अजून उपसलेली नाही, अप्पा. टावेल तेवढा बाहेर वाळत घातलाय.