खिशातली कॅप

तीर्थरूप मामा,

माझं आयुष्य बदललं ते गेल्या महिन्याच्या बावीस तारखेला, सकाळी सव्वाअकरा वाजता, तोंडात कापसाचे दोन बोळे असताना. पण आधी नमस्कार. (एक हात गालावर आहे, एकाच हाताचा गोड मानून घ्या.) गुडघा काय म्हणतो? मामी अजून त्याची तुमच्यापेक्षा जास्त चौकशी करते का?

तर दाढ. ती रागाने तडकली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टरीणबाईंनी ती चारी बाजूंनी घासून बारीक केली आणि कॅपसाठी माप घ्यायला त्यांची नवी मदतनीस आली. ज्या तडकाफडकीने मी कॉलेज सोडलं (सरांनी वर्गाबाहेर जा म्हटलं, मी जरा जास्तच बाहेर गेलो), त्याच तडकाफडकीने मी हिच्या प्रेमात पडलो. "रागावलात की दात खाता का?" तिने विचारलं. "नाही," मी दात खाऊन म्हणालो. मग तात्पुरती कॅप चिकटवून तिने मला बजावलं, की ही दहा दिवसांची पाहुणी आहे, त्या बाजूने चिकट काही चावायचं नाही, निघाली तर त्याच दिवशी यायचं. पक्की कॅप बसली तरी हिरडीच्या कडेला ब्रश फिरवायचाच, कारण कॅप किडत नाही, पण आतली दाढ आपलीच असते. माझ्या आतल्या कशाचीही इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती. (हेच तिने माझ्या आधी खुर्चीत बसलेल्या आजोबांनाही सांगितलं. पण सूर वेगळा होता.)

ती कॅप परवा सकाळी आपोआप निघाली आणि त्याच दिवशी आलेली पक्की कॅप काही केल्या बसेना. बाई मदतनिसीकडे वळून म्हणाल्या, "माप चुकलंय." ती म्हणाली, "मी दोनदा बघितलं होतं, बाई." मी आ आणखी मोठा केला. घरी येऊन गाल ठणकायला लागला तेव्हा मी तुमच्याकडे फोनवर माप चुकल्याचं बडबडलो आणि तुम्ही, माझेच मामा, लगेच बाईंना फोन करून त्यांची बिनपाण्याने केलीत. आज सकाळी बाईंचा निरोप आला: चारला या, माप मी स्वतः घेते, त्या मुलीला उद्यापासून येऊ नको म्हणून आजच सांगते. तिचा नोकरीचा पहिलाच महिना आहे, मामा. तेव्हा एवढंच करा, बाईंना पुन्हा फोन करून सांगा की माप बरोबर होतं. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. कॅप परवा निघाली नव्हती. तिसऱ्याच दिवशी मी त्या बाजूने दोन चिकट टॉफ्या चावून ती काढली आणि धावत दवाखान्यात गेलो, तर मदतनीसच आठवडाभर रजेवर. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी दोन मिनिटांत चिकटवून दिली असती, म्हणून मी त्यांना काही सांगितलंच नाही. चिकटवली तर तिनेच, असं ठरवून आठ दिवस कॅप शर्टाच्या खिशात ठेवली. (एकदा शर्टाबरोबर धुतलीही.)

ता. क. २. तिने हेही सांगितलं होतं, की दाढ उघडी राहिली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि मग बरोबर मापाची कॅपही बसत नाही. त्या वेळी मी तिच्या भुवया बघत होतो.

ता. क. ३. फोनवर हे तुम्हाला सांगायचा धीर होईना म्हणून पत्र लिहायला बसलो. आता पाकिटावर पत्ता घालताना लक्षात आलं, की हे तुमच्या हाती पडायला तीन दिवस लागतील आणि चार वाजायला वीस मिनिटं आहेत. तुम्ही फोन करू नका. मीच जाऊन बाईंसमोर, तिच्यासमोर, आणि आजोबा असतील तर त्यांच्यासमोरही सगळं सांगतो. त्यानंतर ती माझ्या तोंडाकडे बघणार नाही, कामापुरतंसुद्धा. हे शेवटचं उंबऱ्यात उभं राहून, भिंतीला कागद लावून लिहितो आहे. दार आपटणार नाही, मामा. नीट ओढून, कडी लावून निघालो.