टॅब, रीडर आणि ऋतुजा

सोम. ३ जुलै, लातूर
क्लासनं छापील नोट्स बंद केल्या. आता सगळं पीडीएफ, मोबाइलवर वाचा म्हणे. ज्या मोबाइलपायी गेल्या वर्षी लेकीशी, ऋतुजाशी, अबोला धरला, तोच आता क्लासवाले हातात द्यायला सांगतायत. तिचं हे रिपीटचं वर्ष. मेडिकल गेल्या खेपेला थोडक्यात हुकलं. यंदाही हुकलं तर काय, हे घरात कोणी तोंडातून काढत नाही. मी मनात रोज काढते.
शेवटी माझाच मोबाइल दिला. ती वाचत होती, मी मागून बघत होते. भात करपला.

गुरु. ६ जुलै
ऋ.चं डोकं सारखं दुखतंय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर वाढलाय. एवढ्याशा पडद्यावर वाचू देऊ नका म्हणाले. म्हणजे टॅब.
आमच्या मजल्यावर सगळ्या अशाच पोरी, आणि त्यांना करून घालायला येऊन राहिलेल्या आया. समोरच्या सानिकाकडे टॅब आहे. तिच्या आईला विचारलं, कसाय?
"वाचती की. मधी मधी पिक्चरबी बघती. म्या काय आडवणार?"
झालं. जेवण गोड लागलं नाही.

शनि. ८ जुलै
भावाला पुण्याला फोन. तो म्हणाला, ई-रीडर घे. कागदासारखा पडदा, डोळ्यांना त्रास नाही. व्हिडिओ नाही, गेम नाही, रंगसुद्धा नाही. "नुसतं वाचायचं, ताई." मला दुसरं काय हवं होतं!
ह्यांना अहमदपूरला कळवलं. शाळेतून नुकतेच आले होते. "तिला विचारलंस का?" तिला काय विचारायचं? ती टॅबच म्हणणार.

गुरु. १३ जुलै
रीडर आला. भावानं त्यात एक गोष्टीचं पुस्तक टाकून पाठवलंय. मीच आधी वाचून पाहिलं. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, डोळ्यांना गार वाटतं. जीव भांड्यात पडला. ऋ. म्हणाली, "छान आहे." एवढंच.

मंगळ. १८ जुलै
ऋ. हल्ली संध्याकाळी डाउट विचारायला म्हणून बाहेर जाते. आली की गप्प. रीडर मी ठेवला तिथंच असतो.
चाचणीत मार्क घसरलेत. डोळे असतील का? की दुसरंच काही... कोणी मुलगा वगैरे. लिहवत नाही.

गुरु. २० जुलै
खालून वाळूचा टिप्पर गेला, खोली हादरली. माझं माहेर निलंग्याकडचं, लहानपणी भूकंपात घर गेलं. अजून जमीन हलली की मी आधी माणसं शोधते. ऋ. खोलीत नव्हती. धावत बाहेर. गच्चीच्या जिन्यावर सापडली, मांडीवर सानिकाचा टॅब.
"काय करायलीस गं इथं?" सगळा मजला गोळा होईल असं ओरडले.
पडद्यावर हृदयाची आकृती होती. सरांच्या हातच्या नोट्स, बाजूला लाल खुणा.
"मग रीडर कशाला घेतला?"
तिनं खोलीत येऊन तेच पान रीडरवर उघडलं. अक्षर मुंगीएवढं. मोठं केलं की अर्धी ओळ बाहेर. तांबडं, निळं, सगळं करडं.
"आई, ह्यातली धमनी कोणती न् शीर कोणती, तूच सांग."
मला सांगता येईना. क्लासच्या नोट्स म्हणजे वहीच्या पानांचे फोटो, आणि मी पारख केली गोष्टीच्या पुस्तकावर.
"मग बोलली कामून न्हाईस?"
"तू लई हौसेनं घेतला होतास. अन् टॅब म्हणले असते तर तुला वाटलं असतं, हिला पिक्चर बघायचाय."
वाटलंच असतं. लाज वाटली स्वतःची.

शनि. २२ जुलै
दुकानात गेलो. या वेळी ऋ.नं नोट्स माझ्या मोबाइलवर सोबत नेल्या. प्रत्येक टॅबवर तेच हृदय उघडून बघितलं. मोठ्या पडद्याचा घेतला. मी दुकानदाराला कुलपाचं विचारलं. पासवर्ड टाकून घेतला, तो फक्त मला माहीत.

रवि. २३ जुलै
दिवसभर तिला टॅब उघडून देतेय. उघडला की मागं बसते.
जेवताना म्हणाली, "आई, तू थोडे दिवस अहमदपूरला जातीस का? मी मेसचा डबा लावते. तू मागं बसलीस की मला एकच ओळ परत परत वाचावी लागती."
भांडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी पण भांडले असते. किती हळू बोलली.

मंगळ. २५ जुलै
ह्यांना फोन केला. "ये की मग," म्हणाले. लगेच. मला वाटलं होतं, नको म्हणतील.
पिशवी भरली. ऋ. क्लासला गेलीय. टॅब टेबलावर. काल मी मागं बसले नाही. उघडून बघावं का, काय काय बघितलं? हात पुढं गेला, मागं घेतला.
मी गेले तर टॅब उघडून देणार कोण? पासवर्ड सांगूनच जावं लागेल. सांगितला की झालं, मग माझ्या हातात काही नाही. नाही सांगितला तर तिचं वर्ष...
अहमदपूरची गाडी ती यायच्या आधी सुटते. पासवर्ड कागदावर लिहिला. फाडला. परत लिहिला, टॅबखाली ठेवला.
चप्पल घालून दारातच बसलेय.