लिओची गादी

धारूर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. संस्कृतीस,
आईचे आशीर्वाद.

इकडची खुशाली म्हणशील तर तूर निघाली, ज्वारी यंदा बरी आहे. तुझ्या बाबांचे गुडघे दुखतात, पण कुठे नारळ फोडायला बोलावलं की आपोआप बरे होतात. अमरसिंहला तालुक्याचं कसलंसं पद मिळालंय, त्यामुळे तो जेवायला घरी नसतो आणि माझी कटकट वाचते. लिओ मजेत आहे. अंगावर दाट केस आलेत, उन्हात नुसता चमकतो. मला मात्र त्याच्याकडे बघवत नाही.

आजच्या काळात पत्र कोण लिहितं, म्हणशील. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपल्या घरात फोनवर बोलणं म्हणजे पारावर बोलणं. शिवाय हे लिहूनच द्यायचं आहे. का, ते पुढे कळेल.

मागच्या आठवड्यात तुझ्या खोलीतल्या मंगलचा फोन आला. पोर रडवेली झाली होती. म्हणाली, काकू, संस्कृती तीन आठवडे जनावरांच्या दवाखान्यातल्या प्रॅक्टिकलला आलेली नाही. टेबलावर कुत्रं घेतलं की बाहेर निघून जाते. दिवसातून वीसदा हात धुते, हाताची सालं निघाली आहेत. कॉलेज सोडायचा अर्ज लिहून ठेवलाय, महिनाअखेर देणार आहे. तो अर्ज तू देऊ नयेस, एवढ्यासाठी मी लिहायला बसले आहे. तुझ्या बाबांना यातलं काही माहीत नाही. कळलं तर ते लगेच स्थळं बघायला लागतील.

आता सुरुवात कुठून करू? लिओपासूनच करते.

गणपतीत कुणी कार्यकर्त्यानं तो बाबांना आणून दिला. तू परभणीहून फोनवर सांगितलंस, नवं कुत्रं आहे, पंधरा-वीस दिवस वेगळं बांधा, डॉक्टरला त्याची कातडी दाखवा आणि मगच घरात घ्या. बाबा हसले. म्हणाले, पाहुण्याला कुणी गोठ्यात बांधतं का? त्याच दिवशी पंधरा जणांनी त्याला मांडीवर घेऊन फोटो काढले. दिवाळीत तू आलीस तेव्हा त्याच्या कानाच्या कडा उघड्या पडल्या होत्या, कोपरांवर खपल्या धरल्या होत्या, आणि तो रात्रंदिवस खाजवत होता. तू त्याची कातडी खरवडून दवाखान्यात तपासून आणलीस आणि म्हणालीस, खरूज आहे, एकाची दुसऱ्याला लागणारी, माणसालाही खाज आणणारी.

तू लाल पेनानं लिहून फ्रीजवर लावलेला कागद अजून तिथेच आहे. गोळीची एक तारीख मी चुकवली नाही. पट्टा उकळत्या पाण्यात घातला, कंगवा फेकून दिला, ताटली वेगळी ठेवली. त्याला हात लावला की साबण घेत होते. बाहेरच्या कुत्र्यांत सोडायचं नाही म्हणालीस, तर दोन महिने साखळी सोडली नाही. तुझ्या बापानं आणि भावानं त्यातलं एक अक्षर वाचलं नाही. सगळं मी केलं. शेवटच्या ओळीखाली तू दोन रेघा मारल्या होत्यास. तिच्याकडे मग येते.

हरिबाचं तुला मी काय सांगायचं? तीस वर्षं त्याच्या मेंढ्या आपल्या रानात बसल्या, त्या लेंडीखतावर तुझ्या बाबांनी कृषी प्रदर्शनात बक्षिसं घेतली. त्याची ऋतुजा आणि तू दहावीपर्यंत एका बाकावर बसलात. दिवाळीत तू तिच्याकडे गेलीस आणि त्यांच्या गाभण कुत्रीचं, काजळीचं, पोट चाचपून पिलं मोजलीस. चार म्हणालीस, चारच झाली.

नोव्हेंबर संपताना हरिबाची बायको रतनबाई ताकाला आली. म्हणाली, "बाई, काजळीच्या अंगाला लई खाज सुटलीय. पिलांच्या पोटालाबी खपल्या आल्यात, अन् आमचा भुंग्याबी खाजवतोय. ताईला इचारा की कायतरी." मी तिला करंजाचं तेल लावायला सांगितलं. ताईची परीक्षा आहे, म्हटलं, तिला त्रास नको. तुझी परीक्षा नव्हती, संस्कृती. मला तुला फोन करायचा नव्हता.

डिसेंबरात त्या पिलांशी खेळणाऱ्या तीन पोरांना खाज सुटली आणि शाळेनं त्यांना घरी पाठवलं. आपल्या ओसरीवर बैठक बसली. मी आत चहा टाकत होते, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, "हरिबा, तुझ्या कुत्र्यांनी गावात खरूज आणली. आमच्या लिओलाबी त्यांचीच लागली."

हरिबा उभाच होता. म्हणाला, "मालक, माझी कुत्री डोंगरात असत्यात. तुमच्या दारात कवा आली व्हती?"

"म्हंजी मी खोटं बोलतो व्हय?"

"तसं न्हाई मालक. पर तुमच्या कुत्र्याला दिवाळीतच व्हती, अन् माज्या कुत्र्यांना आता झाली."

यावर अमरसिंह, माझा मुलगा, मी नऊ महिने पोटात वाढवलेला, आजोबाच्या वयाच्या त्या माणसाला म्हणाला, "बे, हिशोब कुणाला शिकवतो? कुत्री न्हाई तर तू, दोघांतलं एक जाईल गावातून."

हरिबाचं बोलणं शंभर टक्के खरं होतं आणि ते खरं आहे हे त्या घरात एका माणसाला पक्कं माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून सोळा कप चहा बाहेर पाठवला. साखर बेताची घातली होती. कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी अमरसिंह आणि त्याचा दोस्त तानाजी यांनी दोन्ही कुत्री पोत्यात घालून पिकअपमध्ये टाकली आणि मांजरसुंब्याच्या ढाब्यांपाशी सोडून आले. मी विचारलं तर म्हणाला, "ढाब्यावर खायला लई मिळतं, मरत न्हाईत." हरिबा दोन दिवस ढाब्याढाब्यावर हाका मारत फिरला. भुंग्या त्याला रस्त्याच्या मधल्या दुभाजकाशी चिरडलेला सापडला. काजळी सापडलीच नाही. पिलांना रतनबाईनं शेळीचं दूध पाजलं, पण अंगावर केस नव्हते आणि थंडी मरणाची होती. आठ दिवसांत चारही गेली. राखणीला कुत्रं नाही हे लांडग्याला सांगावं लागत नाही. पंधरवड्यात त्यानं सात मेंढ्या नेल्या. संक्रांतीच्या आधी हरिबानं बिऱ्हाड उचललं आणि पालीला मेहुण्याकडे गेला.

तू संक्रांतीला आलीस आणि त्यांची मोकळी जागा बघून आलीस. स्वयंपाकघरात जमिनीवर बसलीस. म्हणालीस, आई, महिन्याभराच्या गोळ्यांचं काम होतं, सगळ्या कुत्र्यांना एकदम दिल्या असत्या तर पोरांची खाजही आपोआप गेली असती, मला कुणी विचारलं का नाही? मग विचारलंस, "आई, गादी जाळली होती ना?"

मी म्हटलं, "हो गं. मग काय?"

तेव्हा तू तुझे हात बघितलेस. म्हणालीस, मग माझ्याच हातानं गेलं. लिओला तपासून मी तशीच काजळीकडे गेले असेन, हात धुतले की नाही आठवत नाही. मी कसली डॉक्टर होणार? मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "होतं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस."

गादी मी जाळली नव्हती.

कागदावरची शेवटची ओळ तीच होती. लिओची गादी जाळायची, कुणालाही द्यायची नाही. तू परभणीला गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती काडेपेटी घेऊन परसात नेली. घरच्या कपाशीचा कापूस, पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेला, वर फुलाफुलाचं नवं कापड. आपल्यात माणूस गेल्यावर त्याचं अंथरूण जाळतात. सणाच्या आठवड्यात, घरात सगळी धडधाकट असताना अंथरूण पेटवायचं, माझा हात होईना. अशुभ वाटलं. तेवढ्यात रतनबाई आली आणि म्हणाली, काजळीचे दिवस भरलेत, डोंगराचं वारं लई सुटतंय. मी म्हटलं, ही घेऊन जा, चांगली आहे. घरातलं टाकाऊ काय ते त्यांना द्यायचं, ही आपली तीस वर्षांची रीत. आणि तिनं ती डोक्यावर घेतली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आपण देणारे आहोत असं वाटलं. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी जाळली म्हणून सांगितलं, कारण तुझं बोलणं कोण ऐकून घेणार!

अंगाला लागणारं असतं हे मला कळत नव्हतं, असं म्हणू नकोस. माझी बाजू घेऊ नकोस. तू मला दोनदा समजावून सांगितलं होतंस की किडे गादीत कित्येक दिवस जगतात. मला वाटलं, हे शिकलेल्यांचं असतंच काहीतरी. आणि खरं सांगू का, पलीकडे धनगराचं कुत्रं होतं. तिथे आपलं कुत्रं असतं तर मी गादी दिली नसती.

रतनबाई औषध विचारायला आली तेव्हा मला कळलं होतं. बैठकीत कळलं होतं. तू माझ्यासमोर रडलीस तेव्हा तर कळलंच होतं. प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलायचं होतं. आधी नवऱ्याची लाज आडवी आली, मग माझी, आणि शेवटी असं वाटलं की तू तरणी आहेस, चार दिवस रडशील आणि विसरशील. आपली चूक लेकीच्या अंगावर टाकून मी तिळगूळ वाटला.

मंगलच्या फोननंतर मी गुरुवारी पालीला गेले. घरी बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं. धरणाच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत राहतात. हरिबा दुसऱ्याच्या मेंढ्या राखायला गेला होता. रतनबाईनं मला बसायला पोतं झटकून टाकलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. ती ऐकत ज्वारी निवडत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हाय, बाई. गादीला तुमच्या कुत्र्याचं केस व्हतं, खपल्या व्हत्या. म्या बघितलं व्हतं."

"मग घेतलीस कशाला? नको म्हणायचंस!"

"तुमाला नको म्हनायचं?" तिनं वर बघितलं. "तीस साल झाली बाई, तुमी दिल्यालं कवा नको म्हनलं आमी?"

मी तिच्या ज्वारीतले खडे वेचायला लागले.

ऋतुजा दारात उभी होती. शिकलेली पोर, पण त्या दिवशी घरच्या बोलीतच बोलली. म्हणाली, "काकू, संस्कृती मला रोज मेसेज करती. माजं चुकलं, मला माफ कर म्हनती. म्या एकालाबी उत्तर दिलं न्हाई. मला वाटलं, तिनंच केलं. मनातून लई शिव्या दिल्या तिला. आता तुमी येऊन सांगता गादी म्हून. बैठकीत कावून न्हाई बोलला?"

मी म्हटलं, भ्याले.

"आता माज्या आईला एकटीला सांगून काय व्हतं? गावात आमच्या कुत्र्यांनी खरूज आणली असंच म्हनत्यात. लिहून द्या. तोंडचं नको, तुमच्या घरात तोंडचं बदलतंय."

तिचं बरोबर होतं. म्हणून हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, अगदी शब्दाला शब्द. एक तुझ्यासाठी आणि एक ऋतुजासाठी. बाबांचं आणि अमरसिंहचं यात जे आलं आहे, ते तिच्या प्रतीतूनही गाळलेलं नाही. तिचं पाकीट आधी शेजारच्या शहादेवच्या हाती पालीला जाईल, मगच तुझं टपालात पडेल, कारण आधी तुझं पाठवलं तर ते वाचून तू मला अडवशील. तिनं ते आपल्या चावडीवर वाचून दाखवलं तरी तो तिचा हक्क आहे. दाखवेल असं मला वाटतं. बाबा काय म्हणतील ते मला पाठ आहे, आणि ते म्हणून झाल्यावरही मला याच घरात स्वयंपाक करायचा आहे. तू त्यासाठी धावत येऊ नकोस.

तुझे हात स्वच्छ होते, संस्कृती. अर्ज फाडून टाक आणि उद्या दवाखान्यात जा. टेबलावर जे कुत्रं येईल त्याला धर. ऋतुजाला तू पुन्हा माफी मागू नकोस, तुझं काही चुकलेलं नाही. ती बोलली तर बोल.

मी मात्र तुझी माफी मागत नाही. मागितली तर आई म्हणून तू ती देऊन टाकशील, आणि मला ती इतक्या स्वस्तात नको.

गादी मी दिली. जाळली म्हणून खोटं मी बोलले. वरचा सगळा मजकूर मी माझ्या हातानं लिहिला असून तो खरा आहे.

तुझी आई,
वनमाला मोहनराव