तुमची शेगडी, आईची चूल

बाबा, तुमच्या शेगडीचा फोटो परवा मला पुन्हा पाहावा लागला. दादाची मुलगी नागपूरला डिझाइन शिकते. तिच्या कॉलेजात 'साध्या वस्तू, सुंदर कल्पना' असलं काहीतरी प्रदर्शन आहे, म्हणून तिनं आपली जुनी ट्रंक उपसली आणि नेमका तोच फोटो काढला. आई गोबरगॅसच्या शेगडीसमोर पाटावर बसली आहे, डोक्यावर पदर, हातात झारा, समोर कढई. "आत्या, कित्ती गोड आहे ना? आजोबा काय भारी माणूस होते!" असं म्हणत पोरीनं तो माझ्या नाकासमोर धरला. मला शिसारी आली. कढई रिकामी आहे, बाबा. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आईला तर होतंच. कॅमेरा घेऊन आलेल्या त्या पाहुण्यांनी "ताई, जरा हलवल्यासारखं करा" म्हटलं, आणि आई रिकाम्या कढईत झारा फिरवत बसली. तुम्ही मागे उभे राहून हसत होता. फोटो पोरीच्या हातात परत दिला, आणि आज लिहायला बसले.

भारी माणूस होतात, यात वाद नाही. बोरगाव मेघेचं आपलं घर म्हणजे घर कमी आणि नमुना जास्त. सेवाग्रामच्या रस्त्यावरच्या त्या प्रशिक्षण केंद्रात तुम्ही खेड्यापाड्यातल्या लोकांना बिनधुराची चूल, शोषखड्डा, बांबूकाम शिकवायचात, आणि जे शिकवायचं ते आधी आमच्यावर करून पाहायचात. ज्वारीच्या पिंपाला खाली झडप होती. सूप धरून झडप ओढली की दळणापुरती ज्वारी सरसर खाली यायची, वाकून हात घालायला नको. फाटकाला दोरीनं दगड लटकवला होता, त्यामुळे ते कुणी उघडं टाकलं तरी आपलं आपण लागायचं. न्हाणीचं पाणी केळीला जायचं. दुधाचं पातेलं मांजरापासून वाचावं म्हणून तुम्ही ते कप्पीवर टांगलं होतं, आणि मांजर खाली बसून त्याच्याकडे बघत राहायची, ते पाहून मी पोट धरून हसायची. मला ते सगळं मनापासून आवडायचं. वीट यायचा तो पाहायला येणाऱ्यांचा. कुणी पुण्याहून, कुणी दिल्लीहून, कुणी थेट परदेशातून. ते डबे उघडून बघायचे, वहीत चित्रं काढायचे, वा वा करायचे, आणि जाताना आईला विचारायचे, "तुम्हाला किती सोयीचं झालं असेल ना?" आई म्हणायची, "हो जी." पाहुण्यांसमोर तुमची भाषासुद्धा इस्त्री केल्यासारखी व्हायची. घरात 'काऊन' म्हणणारा माणूस त्यांच्यासमोर 'कशास्तव' म्हणायचा. तेव्हाही मला तुमची लाज वाटायची.

गोबरगॅस आला तेव्हा मात्र आई खरंच खूश होती. धुरानं तिचे डोळे कायम लाल असायचे. पण अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तुम्ही गाईंच्या बाबतीत विसरलात. हौद बांधला चार-पाच जनावरांचा आणि गोठ्यात गाई दोन. सकाळी तुम्ही नि मी शेण-पाणी कालवून हौदात सोडायचो, वरची लोखंडी टाकी गॅसनं वर चढायची ती जेमतेम वीतभर, आणि शेगडीवर वरण अर्धं शिजलं की ज्योत मान टाकायची. एकदा जेवताना तुम्ही म्हणालात की संडासही हौदाला जोडता येतो, मग गॅसला तोटा नाही. आईनं वाढता वाढता हात थांबवला. "तेवढं मात्र करू नोका," ती म्हणाली. "माह्या घरी महालक्ष्म्या येतात." तुम्ही मान हलवलीत. ती मान होकाराची होती असं आम्ही दोघींनी धरलं.

मग श्रावणात आई माहेरी, तळेगावला गेली. तिथं मामीचं बाळंतपण होतं. ती परत आली तर शेगडी अशी पेटलेली, की ज्योत निळी, सरळ, पातेल्याच्या बुडाला भिडणारी. तिनं विचारलं, हे कसं काय. तुम्ही म्हणालात, "पाइपात कचरा अडकलता, काढला." त्या वर्षीच्या महालक्ष्म्यांचा अख्खा स्वयंपाक आईनं त्या शेगडीवर केला. आंबील, पुरण, सोळा भाज्यांची भाजी, सगळं सोवळ्यात. मी दहावीत होते, वाटण वाटायला तिच्याजवळ बसले होते. दोन्ही काकू, त्यांची मुलं, तळेगावचे मामा, सगळे जेवून गेले. रात्री आईनं तुम्हाला वाढताना म्हटलं, "यंदा पयल्यांदा पुरन एका आचेवर शिजलं. तुमच्या हाताले यश आलं, जी." आईनं तुमच्या कुठल्या वस्तूचं तोंडावर केलेलं ते पहिलंच कौतुक असेल. तुम्ही काय केलंत? पोळीवर आणखी तूप वाढून घेतलंत.

दसऱ्याच्या आधी पाहुण्यांची एक टोळी आली. स्वयंपाकघरात चटईवर बसून सगळे चहा पीत होते. आई चिवड्याची ताटली घेऊन दारात, मी तिच्या मागे. कुणीतरी विचारलं, दोन गाईंवर एवढी मोठी ज्योत कशी? तुमचा चेहरा असा उजळला. बाबा, तो चेहरा मी विसरलेली नाही. "हेच तर रहस्य आहे," तुम्ही म्हणालात. "गाई दोनच. उरलेलं आम्ही कुटुंबीय पुरवतो. संडास थेट हौदाला जोडला आहे. तुम्ही आता जो चहा घेताय, तो त्याच ज्योतीवरचा!" एका बाईंनी कप हळूच खाली ठेवला आणि बोटानं दूर सारला. एका गृहस्थांनी आपण किती पुढारलेले आहोत हे दाखवायला उरलेला चहा एका घोटात संपवला आणि टाळी दिली. मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. आईनं चिवड्याची ताटली त्यांच्यामध्ये नेऊन ठेवली, पदर सारखा केला आणि आत निघून गेली. मी मागच्या दारी जाऊन ओकले. कितीतरी वर्षं मी समजत होते की मला त्या गॅसचीच किळस आली. गॅसला वास नव्हता, दोष नव्हता, वरणभात तोच होता. मला ओकारी आली ती त्या उजळलेल्या चेहऱ्याची.

पाहुणे गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू करू देलं नसतं."

"तं मंग त्याईले काऊन सांगतलं?"

मग तुम्ही सुरू झालात: आग सगळं शुद्ध करते, शेण चालतं तर हे का नाही, शिकल्यासवरल्या लोकांनी तरी असा विटाळ धरू नये. बाबा, तुमचा शब्दन् शब्द बरोबर होता, आणि ऐकताना माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं होत होतं. आई वाद घालत बसली नाही. तिनं सगळी पातेली राखेनं घासली, परसात पत्र्याखाली तीन विटा मांडल्या, काड्या पेटवल्या आणि तिथं भाकरी टाकायला बसली. तुम्ही असेपर्यंत ती तिथंच. गावोगावच्या बायांना बिनधुराची चूल घालून देणाऱ्या माणसाची बायको तीन विटांवर फुंकणी घेऊन खोकत होती, पावसाळ्यात पत्रा गळत होता, उन्हाळ्यात तापत होता. "निदान माही बिनधुराची चूल तरी घालून देतो," असं तुम्ही एकदा म्हणालात. ती म्हणाली, "तुमची काईच वस्तू नोको." तुम्ही जेवायचात तिच्याच हातचं, त्या विटांवरचं. आणि शेगडीवर पाहुण्यांचा चहा तुम्ही स्वतः करायचात. स्वयंपाकघराचं तुम्ही दुकान केलंत, बाबा, नुसतं बघायचं दुकान. तो फोटो त्या काळातला.

नातेवाइकांना मात्र आईनं एका शब्दानं कळू दिलं नाही. काकू दरवर्षी विचारायची, गॅस सोडून परसात का ग स्वयंपाक? आई म्हणायची, चुलीवरची भाकर गोड लागते. मी एकदा चिडून म्हटलं, सांगून टाक ना खरं काय ते! "बाई, मंग आपल्या घरचं पानी कोनी पेनार नाई," ती म्हणाली. "अन् तुह्या बापाले भावाईत बसाले जागा राहीन का?" जे तुम्ही परक्यांना मिरवून सांगितलंत ते आपल्या माणसांपासून ती झाकत राहिली, तुमच्यासाठी. हे तुम्हाला कळलं तरी होतं का?

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गाई विकल्या आणि हौद बुजवायचं ठरवलं. गवंडी खाली उतरला आणि थोड्या वेळानं मला हाक मारली. "ताई, संडासचा पाइप तं बंद हाये इथं. वीट घालून सिमेट मारलं हाये. लय जुनं काम दिसते." मग पेरूच्या झाडाजवळ उकरलं, तर संडासाची वाट तिकडच्या खड्ड्यात वळवलेली. तो खड्डा तुम्ही कधी खणलात हे मला लगेच आठवलं. त्याच वर्षी, दिवाळीच्या सुटीत. मी विचारलं होतं, हे काय? तुम्ही म्हणालात, "प्रयोग." तुम्ही खड्डा खणला नाही असा महिना नसायचा, मी कशाला पुढचं विचारते? म्हणजे आईचं मन तुम्हाला कळलं होतं. महिन्याभरातच कळलं होतं. तुम्ही पाइप तोडलात, बुजवलात, आणि कुणाला काही बोलला नाहीत. पाहुण्यांना मात्र मरेपर्यंत तेच सांगत राहिलात: उरलेलं आम्ही कुटुंबीय पुरवतो. चहापुरती ज्योत दोन गाई देतच होत्या. बाहेरचं कौतुक तुम्हाला सोडवेना आणि घरात 'चुकलो' म्हणवेना. हौदाच्या काठावर उभी राहून मी तुम्हाला जी शिवी दिली ती इथं लिहीत नाही. गवंड्यानं ऐकली.

आई पत्र्याखाली भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी धावत गेले, म्हटलं, आई, बाबांनी ते तोडलं होतं ग, तेव्हाच, आपल्याला कुणाला माहीत नाही! तिनं मान वर केली नाही.

"मले माईत हाये," ती म्हणाली. "दिवाळीपासून टाकी पयल्यावानी वीतभरच चढे. तवाच समजलं."

मग एवढी वर्षं धूर का खाल्लास, शेगडीवर का नाही गेलीस, असं मी जवळजवळ ओरडलेच.

"त्याईनं येऊन सांगाले पायजे होतं," आई म्हणाली. "मी वाट पाह्यली." आणि दाणे सुपात टाकून पुढची शेंग घेतली.

तुमची मला किळस येते, बाबा, हे मी आज पहिल्यांदा स्वच्छ लिहिते आहे. एक वाक्य होतं. जगातल्या सगळ्या अडचणींवर ज्याच्याकडे कप्पी नाहीतर झडप होती, त्याला ते एक वाक्य आपल्या बायकोसमोर मांडता आलं नाही. पण त्याहून जास्त राग मला आईचा येतो, आणि हे मी कुणाजवळ बोललेली नाही. तिचे डोळे आता जवळजवळ गेले आहेत. डॉक्टर म्हणतात वयानं, मी म्हणते त्या धुरानं. समोर वीतभरावर शेगडी होती आणि तिनं डोळे दिले, पण स्वतः होऊन विचारलं नाही. तुम्हा दोघांमध्ये मी वाढले, भाकर तिकडची आणि चहा इकडचा.

हे तिला वाचून दाखवायचं असं ठरवून मी लिहायला बसले होते. तुम्हाला तर पोचायचं नाहीच, निदान एकीच्या तरी कानावर जावं. आत्ता कागदांची सळसळ ऐकून तिनं आतून विचारलं, "काय लिहून राह्यली वं एवढं?"

मी म्हटलं, काही नाही.