दादांच्या कानातले केस

दादा, वाकून नमस्कार.

फोनवर तुम्ही नुसतं ‘हो, हो’ म्हणता, म्हणून लिहिते. मी ठीक आहे, वेळेवर जेवते.

आज प्रयोगशाळेत कानाच्या आतल्या पेशी पाहिल्या. त्यांच्या डोक्यावर बारीक केस असतात. आवाजाने ते वाकले की पेशीची दारं उघडतात, विजेचा भार आत शिरतो आणि मेंदूला निरोप जातो. सततच्या दणक्याने ते मोडतात, पुन्हा उगवत नाहीत.

तीस वर्षं पत्रे ठोकलेत तुम्ही. हाकेला ओ देत नाही म्हणून मी उगाच रुसायचे.

उरलेले केस जपा. सोबतचे इअरप्लग घातल्याशिवाय हातोडा उचलू नका. तुम्ही मुद्दाम ऐकत नाही, असं आई म्हणते ना? तिला हे वाचून दाखवा. हळू आवाजात, तिचे कान शाबूत आहेत.

तुमची,
धाकटी लेक