टिप निघत नाही म्हणून

साडूभाऊंना सप्रेम नमस्कार. तुमच्या गुडघ्याची आणि अक्कांच्या खोकल्याची आधी चौकशी करून घेतो, म्हणजे मग माझं गाऱ्हाणं मोकळेपणी सांगता येईल. माझी तब्येत ठणठणीत आहे (विचारणारं कोणी नसलं की ती ठणठणीतच राहते).

तुमची मेहुणी वारल्यापासून मी काटकसरीच्या मागे लागलो. ड्रिलच्या तोंडावर कार्बाइडची टिप बसवायला चांदीचा डाख महाग, म्हणून पितळेवर आलो. पण पितळ भलतीच आच मागतं, आणि वर मी घाईघाईने ड्रिल पाण्यात बुडवून निववायचो, त्याने सांधा तडकायचा. दगडात चार हात गेलं की टिप आत, ड्रिल बाहेर. मग बोअरवाला तणतणत दारात हजर. शिव्या देऊन त्याचा घसा कोरडा पडला की मी चहा टाकायचो, आणि मग तो मुलीच्या शाळेचं बोलत बसायचा. (एक खाणवाला तर भांडायला येताना बिस्किटं आणू लागला होता.) घरात पुन्हा दोन कप लागायला लागले. खोटं कशाला सांगू, मला ते दिवस आवडायचे.

मग कुठून तरी मला अक्कल सुचली. चांदीचा पातळ पत्रा टिपेएवढाच कात्रीने कापायचा, डाख नीट धरावा म्हणून टाकणखार लावून टिप आणि ड्रिलच्या मध्ये ठेवायचा, बेताची आच द्यायची आणि ड्रिल गरम राखेत पुरून विसरून जायचं. फुकट जाणाऱ्या टिपा हिशेबात धरल्या तर हे पितळेपेक्षा स्वस्तच पडतं. आता टिप जन्मात हलत नाही. बोअरवाला फोनवर ‘एक नंबर माल’ म्हणतो आणि माल न्यायला टेम्पो धाडतो. परवा त्या ड्रायव्हरला चहा विचारला तर तो घाबरला, त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. धंदा सुधारला, साडूभाऊ, पण मला एकट्याला करमत नाही. लिहायला लाज वाटत होती, लिहून टाकलं.

अक्कांना नमस्कार सांगा आणि काढा प्यायला लावा.

तुमचा,
साडू

ता. क. शेतावरच्या बोअरसाठी तुम्ही मागितलेलं ड्रिल सोबतच्या पार्सलात आहे. ते पितळेनेच करायचं ठरवलं होतं, म्हणजे आठवडाभरात तुम्हाला माझ्याशी भांडायला यावं लागलं असतं.

पुन्हा ता. क. घरच्या माणसाला तसलं काम द्यायला हात धजेना. चांदी लावली आहे, ती काही निघायची नाही. तेव्हा तुम्हाला भांडण नसतानाच यावं लागेल. याल ना?